जड ग्राइंडर आणि त्याची फिरती घोडी



आज आपल्याशी बोलायचे आहे ते एका यंत्राविषयी आणि त्या यंत्राच्या खाली असणाऱ्या घोडीविषयी. यंत्र आहे ग्राइंडर. हा शब्द कानी पडताच घरातल्या भगिनींना चटणी वाटण्याचे भांडे आठवेल. ते नव्हे बरं का! लोहाराच्या किंवा वेल्डिंगवाल्याच्या दुकानात मध्ये विजेची मोटर आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक गोल दगड, असे जे यंत्र जाड टेबलावर पक्के बसवलेले असते, ते मला अभिप्रेत आहे. धार लावायची, वेल्डिंगचा उंचवटा घासून सपाट करायचा, छिन्नीचे चेपलेले डोके नीट करायचे, ही त्याची कामे. बोलताना घोटाळा होऊ नये म्हणून धार लावणाऱ्या त्या गोल भागाला मी 'दगड'च म्हणेन आणि 'चाक' हा शब्द घोडीच्या चाकांसाठी राखून ठेवीन. घोडी म्हणजे, आपले सुतार-लोहार म्हणतात ती, वस्तू पेलून धरणारी चौकट.

मी गणिताचा अध्यापक आहे. ऐरणीवर घण मारण्याचे काम माझ्या हातचे नाही. मग या विषयावर मी का बोलावे? तर जड वस्तू सहज हलली पाहिजे आणि कामाच्या वेळी मात्र मुळीच हलता कामा नये, हा प्रश्न जितका लोहाराचा तितकाच हिशेबाचाही आहे. आणि तो हिशेब आठवी-नववीच्या मुलालाही करता येण्याजोगा आहे.

प्रथम गरज पाहू. धार लावण्याचे साधन गावोगाव फिरणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. घिसाडी मंडळी भाता, ऐरण आणि सगळे बिऱ्हाड गाडीवर घालून येत, गावाबाहेर मुक्काम टाकत आणि गावाची अवजारे नीट करून पुढच्या गावाला जात. धारवाला सायकल स्टँडवर उभी करून पायडल मारतो आणि पुढच्या छोट्या दगडावर कात्री-सुरी घासतो. जात्याला टाकी लावणारीही अशीच दारोदार येत असे. कारागीर वस्तूकडे जात होता. वस्तूला कारागिराकडे जाण्याची यातायात नव्हती.

विजेचा ग्राइंडर आला आणि हा क्रम उलटा झाला. काम वेगाने होऊ लागले, पण यंत्र एका कोपऱ्यात खिळून बसले. अवजारांनी त्याच्याकडे यायचे. शेतीचे काम मात्र ऐन वेळेचे असते. ऊसतोडीचेच उदाहरण घ्या. तोडणीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' असेच म्हणतात. माणसांची गणतीच अवजाराच्या नावाने होते! त्या कोयत्याची धार गेली की तेवढ्याच उसाला दुप्पट घाव घालावे लागतात, मनगट भरून येते, आणि संध्याकाळी मोळ्या कमी भरतात. टोळीतल्या वीस कोयत्यांनी तालुक्याच्या दुकानापर्यंत जाऊन येणे शहाणपणाचे, की एका ग्राइंडरने टोळीच्या मुक्कामी येणे शहाणपणाचे? वखराच्या पासा, कुऱ्हाडी, खुरपी, कडबा कापायच्या यंत्राची पाती, सर्वांची गोष्ट हीच.

म्हणून लोक ग्राइंडर बाहेर काढतात. कसा काढतात, ते आपण पाहिले असेल. कोणी तो स्टुलावर ठेवतो, कोणी दोन विटांवर, कोणी बैलगाडीच्या साटीवर. दोन माणसे धरून बसतात आणि तिसरा धार लावतो. आजच्या बोलण्याचे खरे कारण हेच आहे. असे करणे फार धोक्याचे आहे, आणि तो धोका टाळणे फारसे खर्चाचे नाही.

धोका किती, ते आकड्यांत पाहू. आपल्याकडे या यंत्राची साधी मोटर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. दगडाचा व्यास २० सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या वितीपेक्षा थोडा कमीच. आता परीघ काढा. व्यास गुणिले ३.१४, म्हणजे जवळजवळ ६३ सेंटिमीटर. त्याला २,८५० ने गुणा आणि ६० ने भागा. दगडाची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर धावते. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक! मोठ्या रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या मोटारीचा हा वेग. त्या वेगाने फिरणारा ठिसूळ दगड स्टुलावरून खाली आला तर तो नुसता पडत नाही, फुटतो, आणि त्याचे तुकडे कोणीकडे जातील याचा नेम नसतो. डोळा जायला त्यातली एक कपरी पुरते.

मग ग्राइंडर हलका का करू नये? हातात धरायचे हलके ग्राइंडर बाजारात मिळतात, आणि त्यांची कामे वेगळी आहेत. त्यात यंत्र हातात असते आणि वस्तू अडकवून ठेवावी लागते. धार लावताना आपल्याला नेमके उलटे हवे असते. यंत्र अचल आणि पाते दोन्ही हातांत. आणि यंत्र अचल राहायचे तर त्याला जडपणा पाहिजे. जात्याची खालची तळी जड असते म्हणूनच वरची पाळू गरगर फिरूनही जाते जागचे सरकत नाही. तेव्हा वजनाला दोष देऊ नये. आपला प्रश्न इतकाच, की ते वजन कुठे असावे आणि केव्हा असावे?

या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की घोडी जवळजवळ तयार झाली असे समजा.

'कुठे' हा प्रश्न आधी घेऊ. शिक्षक मित्रांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यायला हरकत नाही. समजा, ग्राइंडर ३० किलोंचा आहे आणि त्याचे वजन जमिनीपासून ९५ सेंटिमीटर उंचीवर आहे. ही उंची मी सहज म्हणून घेतलेली नाही. माणूस उभा राहिला की त्याचे कोपर साधारण जिथे येते, तिथे दगडाचा मध्य असावा. त्याहून खाली असला तर कंबर वाकते, वर असला तर खांदे भरून येतात. आता खालची लोखंडी चौकट २० किलोंची धरू, आणि तिचे वजन ४५ सेंटिमीटर उंचीवर एकवटले आहे असे मानू. दोन्ही मिळून ५० किलो झाले. त्या सगळ्याचा गुरुत्वमध्य कुठे येईल? ३० गुणिले ९५ म्हणजे २,८५०. २० गुणिले ४५ म्हणजे ९००. बेरीज ३,७५०. तिला ५० ने भागले की उत्तर येते ७५ सेंटिमीटर. म्हणजे सगळा भार वर, डोक्यावर घागर घेतलेल्या माणसासारखा.

घोडीचा तळ ५० सेंटिमीटर लांब-रुंद, चौरस आहे असे धरू. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर २५. दगडाच्या उंचीवर, म्हणजे ९५ सेंटिमीटरवर, आडवा रेटा दिला तर किती जोराने घोडी कलंडू लागेल? ५० गुणिले २५ भागिले ९५. उत्तर सुमारे १३ किलो. धार लावताना जरा अंग टाकून रेटले, किंवा वायरमध्ये कोणाचा पाय अडकला, तर एवढा झटका सहज बसतो.

आता त्याच घोडीच्या तळाशी एक उथळ पेटी करा आणि तिच्यात २५ किलोंच्या दोन गोण्या वाळू ठेवा. वजन झाले १०० किलो. नव्या वजनाची उंची फक्त १० सेंटिमीटर. पुन्हा हिशेब करा. मघाचे ३,७५० अधिक ५० गुणिले १०, म्हणजे ५००. एकूण ४,२५०. भागिले १०० म्हणजे ४२.५. गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवरून ४२.५ वर आला! आणि कलंडायला लागणारा जोर १३ किलोंवरून २६ किलोंवर गेला. पहिली घोडी १८ अंशांपर्यंत कलली की पडणार. दुसरी ३० अंशांपर्यंत कलूनही, हात सोडला तर परत उभी राहणार. लोखंड तेच, ग्राइंडर तोच. फक्त खाली दोन गोण्या वाळू.

शेतकरी बंधूंना यात नवल वाटणार नाही. कुळव जमिनीत नीट बसत नसला की आपण त्यावर दगड ठेवतो. तो दगड काही घरून डोक्यावर वाहून नेत नाही. बांधावरचा उचलतो, काम झाले की बांधावर ठेवून देतो. 'केव्हा' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या कुळवावरच्या दगडात आहे. काम करताना वजन हवे, नेताना नको. आणि वाळू, माती, धोंडे यांची गावात कुठेच वाण नसते. म्हणून गोण्या रिकाम्या न्यायच्या आणि जागेवर भरायच्या. नेताना घोडी ५० किलोंची, काम करताना १०० किलोंची. आणखी एक गंमत पाहा. वाळू नसताना १३ किलोंच्या ओढीने घोडी कलते, हे काम करताना संकट होते. नेताना तीच सोय होते, कारण चाकांवर घेण्यासाठी ती कलवावीच लागते.

आता पाय किती असावेत? चुलीला तीन दगड असतात, कारण तीन टेकू कशाही उंचसखल जागेवर एकाच वेळी टेकतात. चार पायांची खाट अंगणात एका पायावर डुगडुगते, पण तिवई डुगडुगत नाही. तर मग तीनच पाय करावेत, असे कोणी म्हणेल. पण इथेही हिशेब आडवा येतो. ६० सेंटिमीटर बाजूच्या चौरसात मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ३० सेंटिमीटर. तेवढ्याच बाजूच्या समभुज त्रिकोणात ते फक्त १७ सेंटिमीटर. म्हणजे तीन पायांची घोडी डुगडुगणार नाही, पण लवकर उलटेल. म्हणून वर जड यंत्र असताना पाय चार असावेत, आणि त्यांपैकी एकाच्या तळाशी एक जाड बोल्ट आणि नट बसवून तो पाय थोडा खालीवर करता येईल असा ठेवावा. जागेवर गेल्यावर बोल्ट फिरवला की चौथा पाय टेकतो. हातापेक्षा पान्याने आवळावा, आणि वर दुसरा नट घट्ट करून तो कायम करावा.

आता बांधणी सांगतो. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होण्यासारखे हे काम आहे. ३५ मिलिमीटर रुंदीचा, ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल सहा मीटर लागेल. ८० सेंटिमीटरचे चार पाय करावेत. वर ते जवळ असावेत आणि खाली फाकलेले असावेत, म्हणजे तळाचा चौरस ५० सेंटिमीटरचा येईल. तळाशी चारी बाजूंनी अँगल जोडावा. त्यावर पत्र्याची उथळ पेटी बसवावी, साधारण चार बोटे उंच कडांची, आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून तिला दोन भोके ठेवावीत. गोण्या कडांच्या थोड्या वर आल्या तरी चालेल. पायांच्या निम्म्या उंचीवर उरलेल्या अँगलचे आडवे तुकडे जोडावेत, नाहीतर पाय थरथरतात. वर ८ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट, ग्राइंडरच्या बैठकीहून चार बोटे मोठी.

या प्लेटवर ग्राइंडर बसवताना मध्ये जुन्या टायरचा किंवा जाड रबराचा तुकडा घालावा. मिनिटाला २,८५० फेरे म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. दगडात थोडा जरी असमतोल असला तरी सेकंदाला तितके ठोके नटबोल्टांना बसतात आणि ते हळूहळू सैल होतात. म्हणून चारही बोल्टांना स्प्रिंगचे वायसर घालावेत आणि प्रत्येक प्रवासानंतर पाना लावून पाहावे. नुसता दोरीने किंवा शिकंजीने धरलेला ग्राइंडर चालू करू नये.

चाके दोनच पुरेत. ती मागच्या दोन पायांच्या बाहेर, एका आखावर बसवावीत. पण एक पथ्य सांभाळावे. घोडी सरळ उभी असताना चाके जमिनीला टेकता कामा नयेत. जमिनीपासून अर्धा सेंटिमीटर वर राहावीत. म्हणजे काम करताना घोडी आपल्या चार पायांवर, आणि मूठ धरून मागे कलवली की दोन चाकांवर. रेल्वे स्टेशनावर किंवा धान्याच्या गोदामात हमाल पोती नेतो ती उभी गाडी आठवा. तो पोते उचलत नाही, कलवतो. पुरेसे कलवले की भार बरोबर आखावर येतो आणि हाताला फक्त तोल सांभाळावा लागतो. चारही पायांना छोटी फिरती चाके लावण्याचा मोह होईल. शहरातल्या गुळगुळीत फरशीवर ती शोभतात. आपल्या वाटेवर खडा आला की ती अडतात, आणि काम करताना घोडी पळते. चाके २५ सेंटिमीटर व्यासाची आणि रुंद धावेची असावीत, म्हणजे भुसभुशीत जमिनीत रुतणार नाहीत. आखासमोर दोन्ही हातांनी धरता येईल अशी पाईपची मूठ लावली की घोडी पुरी झाली.

नेताना काय पाळावे? पहिली गोष्ट, वायर काढलेली असावी आणि दगड पूर्ण थांबलेला असावा. बटण बंद केल्यावरही दगड बराच वेळ फिरत राहतो. फिरता भोवरा बोटाने कलवून पाहा, तो विरोध करतो आणि भलत्याच दिशेला वळतो. फिरणारा दगडही तसाच. तो फिरत असताना घोडी कलवली तर ती हातातून निसटू पाहील. दुसरी गोष्ट, चढ-उतारावर एकट्याने नेऊ नये, दोघे असावेत. टेंपोतून किंवा गाडीतून न्यायची असेल तर उभीच, चारी बाजूंनी बांधून न्यावी.

जागेवर पोचल्यावर घाई करू नये. जमीन त्यातल्या त्यात सपाट पाहावी, चौथा पाय टेकवावा, गोण्या भराव्यात, मग हाताने हलवून पाहावे. त्यानंतर दगडाची परीक्षा. माठ घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर परत ठेवतो. दगडाचीही परीक्षा हीच आहे. तो काढून, कोरडा असताना, मधल्या भोकातून बोटावर किंवा खुंटीवर टांगावा आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवावा. आवाज बद्द आला तर आत तडा आहे असे समजून तो दगड कायमचा बाद करावा. नवा दगड बसवताना हे करावेच, आणि घोडी वाटेत आडवी झाली किंवा दगडाला ठोकर बसली, तरीही करावे. दगड काढताना ध्यानात ठेवा, डाव्या टोकाच्या नटाचे आटे उलटे असतात. दगडाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कागदी चकत्या फेकून देऊ नयेत. पोलादी चकती आणि दगड यांच्यामधला दाब त्या सारखा वाटतात. दगडावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मोटरच्या फेऱ्यांहून कमी असता कामा नये.

यंत्र चालू केल्यावर पहिला एक मिनिट बाजूला उभे राहावे, दगडाच्या समोर नव्हे. सदोष दगड फुटायचा असला तर बहुधा सुरुवातीलाच फुटतो. दगडावरचे लोखंडी झाकण काढून काम करू नये. पाते टेकवायचा जो आडवा टेका असतो, त्याच्यात आणि दगडात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये. दगड झिजतो तशी फट वाढते आणि पाते आत ओढले जाते, पात्यामागून बोटे. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तो कामाचा, नुसता वाचायचा नव्हे. उपरणे, ओढणी, साडीचा पदर, सैल बाही, मोकळे केस यांपैकी काहीही दगडाजवळ येता कामा नये. हातमोजे घालावेत असे वाटते, पण इथे ते घालू नयेत. मोजा सापडला की हात सोडवता येत नाही.

विजेबद्दल दोन शब्द. आपला ग्राइंडर साध्या सिंगल फेजचा असेल तर त्याला घरगुती वीज चालते. पण त्याची तीन पायांची पिन तीन पायांचीच राहू द्या. तो तिसरा जाड पाय अर्थिंगचा आहे. तो बसत नाही म्हणून कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. पावसाने ओल्या झालेल्या अंगणात, लोखंडी घोडीला हात लावून उभा असलेल्या माणसाचा जीव त्या पायावर अवलंबून असतो. ३० मिलिअँपिअरचा, गळतीची वीज ओळखून बंद होणारा स्विच बोर्डात बसवून घेतला तर उत्तमच. लांब वायर वापरायची तर ती जाड असावी आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली असावी, नाहीतर ती तापते. तारेवर आकडा टाकून वीज घेणे तर मुळीच नको. ते गुन्हा आहेच, शिवाय अशा जोडाला ना अर्थिंग असते ना फ्यूज.

प्रत्यक्ष धार लावताना एक वाईट गोष्ट हमखास घडते. पाते दगडावर दाबून धरले की तापते. त्याच्या कडेला आधी सोनेरी झाक येते, मग जांभळी, मग निळी. तो निळा रंग मोरपिसासारखा दिसतो खरा, पण तो ३०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा रंग आहे. तितकी कड तापली म्हणजे लोहाराने पात्याला दिलेले पाणी उतरले. असा कोयता पहिल्या दिवशी धारदार वाटतो आणि दुसऱ्या दिवशी बोथट होतो. लोक म्हणतात, 'यंत्राची धार टिकत नाही.' यंत्राचा दोष नाही, घाईचा आहे. शेजारी पाण्याची बादली ठेवा, पाते हलक्या हाताने फिरते ठेवा, आणि बोटाला चटका बसण्याआधी पाण्यात बुडवा. शेवटचा हात मात्र साध्या निसण्यावर फिरवावा. दातेरी विळे या दगडावर धरू नयेत, दाते जातील. त्यांना कानसच हवी. आणि दगड चिकटला, गुळगुळीत झाला, तर त्यालाही जात्यासारखी टाकी लावावी लागते. त्यासाठी पोलादी दातेरी चकत्यांचे अवजार मिळते.

आता शिक्षक मित्रांना एक विनंती. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकावे या विचाराने. त्या विचाराला धरून अशी एक घोडी शाळेच्या उद्योगाच्या तासाला बांधायला घ्या. मापे मुलांनी काढावीत, चित्र मुलांनी काढावे. गुरुत्वमध्य, तरफ, परीघ, वेग, त्रिकोणाची उंची, हे सगळे धडे एका घोडीत येतात. पेटीत आधी वाळू न घालता, ग्राइंडर बंद ठेवून आणि वरून दोर धरून, ताणकाट्याने घोडी ओढून पाहा. काटा किती किलो दाखवतो? मग वाळू घालून पुन्हा ओढा. फळ्यावरचे १३ आणि २६ हे आकडे ताणकाट्यावर जवळपास तसेच आले, म्हणजे गणित हे परीक्षेपुरते नसते, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. वेल्डिंग आणि प्रत्यक्ष दगडावरचे काम मात्र जाणत्या मोठ्या माणसानेच करावे. मुलांनी चष्मा लावून लांबून पाहावे.

घोडी झाली की ती शाळेत अडकवून ठेवू नका. सेवा सोसायटी असेल, बचत गट असेल, त्यांच्याशी बोलून वार ठरवा. एक दिवस या वस्तीवर, एक दिवस त्या वाडीवर. सोबत एक बादली, एक पाना, दोन चष्मे आणि दोन रिकाम्या गोण्या एवढेच न्यायचे. मग खुरपणीच्या किंवा तोडणीच्या हंगामात कोणाचा दिवस धारेपायी मोडणार नाही, आणि स्टुलावर ग्राइंडर धरून बसण्याची पाळीही कोणावर येणार नाही.

येत्या हंगामाआधी आपल्या गावचा ग्राइंडर कशावर उभा आहे, ते एकदा जाऊन पाहा. तो हाताने हलवून पाहा. हलला, तर दोन गोण्या वाळूपासून सुरुवात करा.